इंडिया खेळलेल्या महिला हॉकीपटूचं करिअर नीट लिहून काढायचं कसं

ओळखीत, नात्यात नाहीतर ऑफिसात एखादी बाई असते जिच्याबद्दल सगळे सांगतात की ती हॉकीत इंडिया खेळलीये, आणि गोष्ट तिथेच संपते. कधी खेळली, कुठल्या पोझिशनला, कुणाविरुद्ध, का थांबली, हे विचारलं की कुणालाच सांगता येत नाही, कधीकधी तिच्या घरच्यांनाही नाही. १९३६ च्या बर्लिन फायनलचा ८-१ हा स्कोअर आपल्याकडे कितीतरी लोकांना पाठ आहे, पण १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये गोल्ड जिंकणाऱ्या मुलींपैकी तीन नावं सांगा म्हटलं तर माणसं गप्प होतात, आणि त्या टीमची कॅप्टन एलिझा नेल्सन तर पुण्याची! या बायका आता साठीच्या पुढे आहेत, त्यांच्याकडून ऐकून नीट लिहून घ्यायचं असेल तर आत्ताच घ्यायला पाहिजे. कसं करायचं ते सांगते, कुणीही करू शकेल असं काम आहे, फक्त घाई करू नका.

लगेच तिला फोन करू नका. आधी कागद घ्या आणि ती ज्या वर्षांत खेळली त्या वर्षांचं कॅलेंडर मांडा, म्हणजे त्या काळात महिला हॉकीच्या कुठल्या मोठ्या स्पर्धा होत्या आणि भारत त्यातल्या कशात होता. हे केलं नाही तर तुम्ही जाऊन पहिलाच प्रश्न विचारणार, ऑलिम्पिक खेळलात का हो? आणि ती नाही म्हणणार, आणि तिथेच मुलाखत थंड पडणार. खरी परिस्थिती अशी आहे की महिला हॉकी ऑलिम्पिकमध्ये आलीच मुळी १९८० ला, मॉस्कोला. तिथे बॉयकॉटमुळे सहाच टीम होत्या, भारत रूपा सैनीच्या कॅप्टनशिपखाली चौथा आला, गोल्ड नेलेल्या झिंबाब्वेशी आपली १-१ बरोबरी झाली होती. त्यानंतर भारताची महिला टीम ऑलिम्पिकला गेली ती थेट २०१६ ला, रिओला. मध्ये छत्तीस वर्षं! म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून २०१२ पर्यंतच्या काळातच ज्या मुलींचं देशासाठीचं सगळं करिअर झालं त्यांच्यापैकी एकीलाही ऑलिम्पिक खेळायला मिळालं नाही, मग ती कितीही भारी खेळाडू असो.

वर्ल्ड कपचंही तसंच. पहिला महिला वर्ल्ड कप १९७४ चा, फ्रान्समध्ये मांदेलियूला, त्यात आपण चौथे होतो. मग १९७८ आणि १९८३ खेळलो, आणि पुढचा डायरेक्ट १९९८. कॉमनवेल्थ गेम्समध्ये हॉकी हा खेळ आलाच १९९८ ला, क्वालालंपूरला. एशियन गेम्समध्ये महिला हॉकी १९८२ पासून.

आता समजा तुमची खेळाडू १९८४ ला टीममध्ये आली आणि १९९६ ला थांबली. बारा वर्षं इंडिया खेळली पण ऑलिम्पिक नाही, वर्ल्ड कप नाही, कॉमनवेल्थ नाही. तिच्या वाट्याला काय आलं तर १९८६ चं सोल एशियाड, जिथे ब्राँझ मिळालं, मग १९९० बीजिंग आणि १९९४ हिरोशिमा, दोन्हीकडे चौथा नंबर, आणि १९९३ च्या आशिया कपचं ब्राँझ. हे कॅलेंडर समोर असलं की तुम्ही तिला पहिलाच प्रश्न सोलबद्दल विचाराल, आणि समोरच्या बाईचा चेहरा खुलेल, कारण सोल तिला इतक्या वर्षांत कुणी विचारलेलंच नसतं. कितीजणींनी केवळ चुकीच्या वर्षांत जन्म घेतला म्हणून त्यांची नावं कुठेच आली नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

कॅलेंडर झालं की तीन गोष्टी वेगळ्या करायला शिका, कारण बोलताना सगळे त्या एकत्र करतात. कॅम्पला होती, टीममध्ये होती, मॅच खेळली. कॅम्पला बऱ्याच मुली असतात, त्यातून टूरची टीम निवडतात, आणि टीममध्ये असूनही मैदानावर पाय न ठेवता परत आलेल्या मुली असतात, विशेषतः दुसरी गोलकीपर. तिन्हीला मान आहे पण लिहिताना तिन्ही एकाच वाक्यात कोंबू नका. ज्युनियर इंडिया आणि सिनियर इंडिया हाही फरक तसाच, आणि नॅशनल कुठल्या टीमकडून खेळली हेही वेगळं लिहा, कारण बऱ्याचजणी आधी राज्याकडून आणि नोकरी लागल्यावर रेल्वेकडून खेळलेल्या असतात.

मग पुरावे. इथे एक गोष्ट समजून घ्या की महिला हॉकीचे कागद एका जागी मिळणार नाहीत. महिलांची आंतरराष्ट्रीय संघटनाच १९२७ पासून वेगळी होती, ती पुरुषांच्या महासंघात, म्हणजे एफआयएचमध्ये, विलीन झाली १९८२ ला. भारतातही महिलांचा कारभार वेगळ्या संघटनांकडे होता, हॉकी इंडिया आली २००९ ला. म्हणून सत्तरच्या किंवा ऐंशीच्या दशकातल्या खेळाडूचं नाव ऑनलाइन सापडलं नाही तर ती खोटं बोलतेय असं चुकूनही समजू नका, तिचं रेकॉर्ड बहुतेक तिच्याच कपाटात असतं.

कपाटात काय शोधायचं? जुना पासपोर्ट. माझ्या मते यापेक्षा चांगला पुरावा नाही, कारण त्यावर देशाचा शिक्का आणि तारीख असते आणि आठवण दोन वर्षं इकडेतिकडे झाली तरी शिक्का जागचा हलत नाही. ती म्हणेल जर्मनीची टूर ८४ ला होती, शिक्का म्हणेल ८५, तर ८५ लिहा आणि तिलाही दाखवा, तिला त्यावरून अजून चार गोष्टी आठवतील. नंतर सर्टिफिकेटं, ब्लेझरवरचा बॅज, स्पर्धेची छापील पत्रिका, नोकरीतल्या रजेचे अर्ज. हो, रजेचे अर्ज पण, कारण कॅम्पसाठी रजा मंजूर झाल्याचं पत्र म्हणजे कॅम्पची तारीखच.

फोटोवर जरा जास्त वेळ घालवा. टीमचा फोटो हातात आला की आधी तो पालथा करा, मागे पेनाने नावं नाहीतर स्टुडिओचा शिक्का असतो. मग पुढून बघा, आणि चेहऱ्यांच्या आधी पायांकडे बघा. बुटाला मोठे स्टड असतील तर मैदान बहुतेक गवताचं किंवा मातीचं, खाली बारीक रबरी खुंट्या असतील तर टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत. स्टिकचं टोक बघा, जुन्या लाकडी स्टिकचं वळण लांब असायचं, नंतर ते आखूड होत गेलं आणि लाकडाच्या जागी कंपोझिट आलं. गोलकीपरचे पॅड बघा, जुने कॅनव्हासचे क्रिकेटसारखे, नंतरचे जाड फोमचे, पायाला ढाल बांधल्यासारखे. एवढ्यावरून फोटोचं दशक बऱ्यापैकी ठरतं. मग तो फोटो तिच्यासमोर ठेवा आणि डावीकडून एकेक नाव विचारत जा, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवून, अर्थात परवानगी घेऊन. दोन-तीन नावं आठवणार नाहीत, तिथे जागा मोकळी सोडा, अंदाजाने भरू नका.

नावांचा अजून एक घोळ असतो. लग्नानंतर आडनाव बदललं की पेपरातली, सर्टिफिकेटवरची आणि नोकरीतली नावं वेगवेगळी होतात, त्यात स्पेलिंगची भर. म्हणून सुरुवातीलाच तिच्या नावाची सगळी रूपं एका जागी लिहून ठेवा आणि जुने पेपर शोधताना प्रत्येक रूप टाकून बघा.

आकड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. अगदी आजकालच्या खेळाडूंचं घ्या. राणी रामपालने ऑक्टोबर २०२४ ला निवृत्ती जाहीर केली तेव्हा २५४ मॅच हा आकडा सगळीकडे सारखा होता, पण गोलचा आकडा काही ठिकाणी २०५ तर काही ठिकाणी १२० असा दिसतो. ही तर कॅप्टन, खेलरत्न, पद्मश्री, जिची २८ नंबरची जर्सी हॉकी इंडियाने निवृत्त केली अशी खेळाडू! तिचं असं, तर १९७९ ला इंडिया खेळलेल्या मुलीचं काय असेल विचार करा. फरक पडतो कारण कुठल्या मॅच धरायच्या हे प्रत्येकजण आपापलं ठरवतो, कुणी फक्त अधिकृत टेस्ट धरतं, कुणी टूरवरच्या क्लबविरुद्धच्या मॅच पण, कुणी ज्युनियरचे गोलही मिसळतं. त्यामुळे आकडा लिहिताना तो कुठून आला ते शेजारीच लिहा. खेळाडू म्हणते, पेपर म्हणतो, संघटना म्हणते. दोन आकडे असतील तर दोन्ही द्या. आणि एकही पक्का नसेल तर आकडा देऊच नका, स्पर्धांची नावं आणि वर्षं पुरेशी बोलतात.

आणि मुळात गोलवरून करिअर मोजणं ही सवयच सोडा, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. टोकियो ऑलिम्पिकची ऑस्ट्रेलियाविरुद्धची क्वार्टर फायनल आठवा, २ ऑगस्ट २०२१, आपण १-० ने जिंकलो. स्कोअरशीटवर एकच नाव आहे, गुरजित कौर, पेनल्टी कॉर्नरवर (समोरच्या टीमच्या चुकीमुळे गोलजवळ मिळणारी संधी) ड्रॅगफ्लिक, म्हणजे बॉल स्टिकने ओढत नेऊन गोलकडे भिरकावणं. पण तो गोल व्हायला एकीने लाइनवरून बॉल सरळ आणि जोरात पुश करावा लागतो, दुसरीने सर्कलच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकावर तो जागच्या जागी थांबवावा लागतो, मग तिसरी फ्लिक मारते. आणि १-० हा १-० राहिला कारण ऑस्ट्रेलियाला एकामागून एक पेनल्टी कॉर्नर मिळत होते आणि सविता पुनिया गोलमध्ये उभी होती आणि तिच्यासमोर डिफेन्समधल्या मुली अंगावर बॉल घ्यायला धावत होत्या. त्यांच्या नावापुढे त्या दिवशी शून्य गोल. तुमची खेळाडू जर हाफ किंवा फुल बॅक किंवा कीपर असेल तर तिला गोल किती विचारून तुम्ही तिचा अपमान करताय.

तिला असं विचारा. पेनल्टी कॉर्नरला तुमचं काम काय असायचं? समोरच्या टीमचा कॉर्नर असेल तर पहिली धाव कोण घ्यायचं? लागलं कुठे कुठे? राइट आउटला, म्हणजे उजव्या कडेने हल्ला करणारी, अमुक टीमची कोण होती जिला अडवणं अवघड जायचं? अशा प्रश्नांना बाई खुर्चीतून उठून हातात नसलेली स्टिक धरून दाखवतात, आणि तेव्हा तुम्हाला करिअर दिसायला लागतं. पोझिशनची जुनी नावं पण तशीच ठेवा, ती म्हणाली मी लेफ्ट इन खेळायचे तर लेफ्ट इनच लिहा, मिडफिल्डर करू नका.

टर्फचा प्रश्न तर हमखास विचारा, पहिल्यांदा टर्फवर कधी पाय ठेवला? ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची हॉकी १९७६ ला माँट्रियलमध्ये टर्फवर गेली आणि तिथून खेळच बदलला, पण आपल्याकडच्या मुली नंतरही कितीतरी वर्षं मातीवर, गवतावर प्रॅक्टिस करून परदेशात टर्फवर खेळायला जायच्या. मातीवर बॉल उडतो, थांबतो, टर्फवर तो सरळ आणि भयंकर स्पीडने येतो, सतत खाली वाकून खेळावं लागतं, कंबर जाते, पडलं की गुडघ्याची साल निघते. या एका प्रश्नावर जितकं ऐकायला मिळतं तितकं मेडलबद्दल विचारून मिळत नाही.

नियम बदललेत हेही वाचणाऱ्याला मध्येमध्ये सांगा, नाहीतर आजच्या मुलांना गोष्ट कळत नाही. तेव्हा ३५ मिनिटांचे दोन हाफ होते, आता १५ मिनिटांचे चार क्वार्टर. ऑफसाइड होता, नव्वदच्या दशकात गेला. २००२ च्या मँचेस्टर कॉमनवेल्थची फायनल आपण इंग्लंडविरुद्ध ३-२ जिंकलो ती ममता खरबच्या गोल्डन गोलवर, म्हणजे जादा वेळेत गोल पडला की खेळ तिथेच खल्लास, आता तो प्रकारच नाहीये, बरोबरी झाली की शूटआउट. सूरज लता देवीच्या कॅप्टनशिपखालच्या त्या टीममधल्या कुणाशी बोलायला मिळालं तर ती जादा वेळेतली मिनिटं एकेक करून विचारा, तो गोल होईपर्यंत बेंचवर कोण काय करत होतं इथपर्यंत.

निवृत्तीची तारीख हा एक नाजूक भाग आहे. शेवटची मॅच आणि निवृत्ती हे दोन वेगळे दिवस असतात. राणी २०२२ च्या वर्ल्ड कप टीममध्ये नव्हती, निवृत्ती जाहीर झाली दोन वर्षांनी. वंदना कटारियाने १ एप्रिल २०२५ ला जाहीर करून थांबायचं ठरवलं, ३२० मॅच आणि १५८ गोल नावावर, ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला. पण जुन्या खेळाडूंच्या नशिबी असं जाहीर करणंबिरणं नव्हतं, बहुतेकींना पुढच्या कॅम्पच्या यादीत नाव आलं नाही तेव्हा कळलं. म्हणून निवृत्त कधी झालात असं विचारू नका, शेवटची मॅच कुठली आणि त्यानंतर काय झालं असं विचारा. ड्रॉप केलं असेल तर ती सांगेल, तिला सांगायचं असेल तेव्हा सांगेल, तुम्ही गप्प बसायचं. एखाद्या सिलेक्टरचं नाव रागाने घेतलं गेलं तर ते छापायचं का हे तिला दुसऱ्या दिवशी परत विचारा.

नोकरीबद्दल लिहायला लोक विसरतात, पण महिला हॉकी रेल्वेशिवाय समजतच नाही. स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी होती म्हणून कितीतरी मुलींच्या घरच्यांनी खेळू दिलं आणि रेल्वेची टीम नॅशनलमध्ये इतकी वर्षं वरचढ राहिली. कुठल्या पोस्टवर लागली, पगार घरात काय कामाला आला, ड्युटी आणि प्रॅक्टिस कशी जमवली, लग्नानंतर खेळू दिलं का, मूल झाल्यावर परत आली का. प्रीतम सिवाच मूल झाल्यावर परत येऊन मँचेस्टरला गोल्ड जिंकलेल्या टीममध्ये खेळल्या आणि नंतर सोनीपतला अ‍ॅकॅडमी चालवून नेहा गोयल, निशा, शर्मिला अशा टोकियो खेळलेल्या मुली घडवल्या, २०२१ ला द्रोणाचार्य मिळाला. करिअर लिहिताना खेळणं थांबलं तिथे फुलस्टॉप देऊ नका, कोचिंग, अंपायरिंग, सिलेक्शन कमिटी, शाळेत पीटी शिकवणं, हे सगळं त्यातच येतं.

लिहायला बसाल तेव्हा सुरुवात गरिबीने करू नका प्लीज. आपल्याकडे प्रत्येक महिला खेळाडूची गोष्ट फाटक्या बुटांनी सुरू होते आणि खेळ शेवटच्या परिच्छेदात उरतो. राणीचे वडील गाडा ओढायचे हे सगळ्यांना माहितीये, पण २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये पंधराव्या वर्षी तिने सात गोल मारले आणि स्पर्धेतली सर्वोत्तम युवा खेळाडू ठरली हे किती जणांना माहितीये? गरिबी खरी असेल तर तीही लिहा, तिच्या जागी, पण सुरुवात एका मॅचने करा. ती मॅच तिने निवडलेली असू दे, आणि हरलेली असली तरी चालेल, उलट हरलेल्या मॅच त्यांना जास्त बारकाईने आठवतात.

पासपोर्ट नंबर, पत्ता, फोन, पेन्शनचे तपशील यातलं काहीही फोटोसकट बाहेर जाणार नाही याची काळजी घ्या, शिक्क्याचं पान दाखवायचं तर बाकीचं झाकून. कागद घरी घेऊन जाऊ नका, तिथेच उजेडात ठेवून मोबाईलवर फोटो काढा आणि त्या फाईल तिच्या मुलांनाही द्या.

कच्चं लिखाण झालं की तिला वाचून दाखवा, मोठ्याने, चष्मा शोधायला लावू नका. मग टीममधल्या निदान एका मैत्रिणीला फोन लावून तारखा आणि नावं पडताळा, दोघींचं जमलं नाही तर दोन्ही ठेवा. एक छापील प्रत तिच्या शाळेत किंवा कॉलेजात द्या, एक जिल्हा क्रीडा कार्यालयात, आणि शक्य असेल तर स्थानिक पेपरात छापून आणा, कारण छापील आधार असला तरच पुढे विकिपीडियावर तिचं पान टिकतं. फोटोतल्या ज्या मोकळ्या जागा सोडल्या होत्या त्या प्रत्येक प्रतीत तशाच मोकळ्या छापा आणि खाली लिहा की यांना कुणी ओळखत असेल तर कळवा.